नॉटी ॲशचा केन आणि अकोल्याचा माझा भाचा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे, झाडूशेजारच्या खिळ्याला एक झटकणी टांगलेली आहे. लाल, पांढऱ्या आणि निळ्या पिसांची. तिने मी आजवर धूळ झटकलेली नाही. व्हिडिओ कॉलवर आईला ती दिसते आणि दर वेळी ती विचारते, ‘‘ते कायले टांगून ठेवलं वो?’’ इथल्या एका विनोदी नटाची आठवण आहे, एवढंच मी सांगते आणि बोलणं दुसरीकडे जातं. या वेळी मात्र सगळं सांगायचं ठरवलंय. घरात वाद पेटलाय, आणि त्या वादाला माझं जे उत्तर आहे ते या झटकणीपासूनच सुरू होतं.

वाद माझ्या भाच्यावरून झाला. बहिणीचा मुलगा, चोवीस वर्षांचा. दिवसा अकोल्यात एका दुकानाचे हिशोब लिहितो आणि गेली दोन वर्षं वऱ्हाडीत स्टँडअप करतो. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स, त्यावरचे ‘भावी नगरसेवक’, कोपऱ्यात नखाएवढ्या फोटोतले शुभेच्छुक, आणि आपला फोटो नीट दिसतो का हे बघायला त्याच चौकात तीनदा चहा प्यायला जाणारा शुभेच्छुकाचा बाप, हा त्याचा विषय. कुणाचं नाव नाही, शिवी नाही. शंभर रुपये तिकीट लावून त्याने ऐंशी तिकिटं विकली होती. आदल्या दिवशी हॉलच्या मालकाला कुणाचा तरी फोन गेला. मालकाने आगाऊ रक्कम परत दिली आणि म्हणाला, ‘‘भाऊ, तुह्यं काही जात नाही. माह्या हॉलच्या काचा फुटतीन ना!’’

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री दोन तट पडले. मोठ्या मामांनी लिहिलं, ‘नोकरी धड कर म्हणा. लोकांची टिंगल करून पोट भरत नसतं. मर्यादा म्हणून काही असते.’ माझ्या दादाने लिहिलं, ‘त्याला तुझ्याकडे लिव्हरपूलला बोलावून घे. तिकडे काहीही बोललं तरी चालतं.’ मामांचा अंगठा एकीकडे, दादाचा एकीकडे, आणि मधे भाचा गप्प. मला या दोघांचंही पटलेलं नाही.

लिव्हरपूलला मी २००६ साली आले. इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्या घरापासून दोन बसथांब्यांवर नॉटी ॲश नावाची वस्ती आहे. आता शहरात मिसळून गेलेली, पण रहिवासी अजून तिला गावच म्हणतात. त्या गावात थॉमस लेनवरच्या एका जुन्या शेतघरात ८ नोव्हेंबर १९२७ रोजी झटकणीवाला तो विनोदी नट, केन डॉड, जन्मला, आणि ११ मार्च २०१८ रोजी त्याच घरात गेला. नव्वद वर्षं. मधल्या काळात त्याने देशभर इतके प्रयोग केले की वर्षातल्या कित्येक रात्री घरी परतायला पहाट व्हायची. पण परतायचा तो इथेच. लंडनला त्याने कधी बिऱ्हाड केलं नाही.

वडिलांची कोळशाची वखार होती. केन चौदाव्या वर्षी शाळा सोडून वडिलांबरोबर कोळशाची पोती घरोघर टाकू लागला, पुढे स्वतःची व्हॅन घेऊन भांडीकुंडी आणि साबण विकू लागला. शाळेत असताना डोळे मिटून सायकल चालवायची पैज त्याने घेतली आणि तोंडावर आपटला. पुढचे दात बाहेर आले ते कायमचे. तेच दात आणि विजेचा धक्का बसल्यासारखे उभे केस ही त्याची ओळख झाली. मुलांच्या एका साप्ताहिकात त्याने जाहिरात वाचली होती, सहा पेन्सची तिकिटं पाठवा आणि बोलक्या बाहुलीची कला शिका, मास्तरांना फसवा, मित्रांना थक्क करा. त्याने तिकिटं पाठवली, मग वडिलांनी बाहुला आणून दिला. आपल्याकडे रामदास पाध्यांच्या मांडीवरचा अर्धवटराव ज्यांनी पाहिलाय त्यांना ही कला सांगायला नको.

सप्टेंबर १९५४ मध्ये नॉटिंगहॅमच्या एम्पायर थिएटरात तो व्यावसायिक म्हणून पहिल्यांदा उभा राहिला. तेव्हा तो स्वतःला ‘प्रोफेसर याफल चकाबटी, ऑपेराचा गवई आणि सॉसेजला गाठी मारणारा’ म्हणवून घ्यायचा. अकरा वर्षांनी, १९६५ साली, लंडनच्या पॅलेडियममध्ये त्याचा कार्यक्रम ४२ आठवडे चालला. त्याच वर्षी त्याने गायलेलं ‘टिअर्स’ हे गाणं ब्रिटनमध्ये वर्षातली सर्वाधिक खपलेली तबकडी ठरलं. बीटल्स ऐन भरात होते आणि बीटल्सही याच गावचे, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या खपाचा अंदाज येतो.

हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्यांदा त्याचं नाव ऐकलं ते आमच्या शेजारच्या आजींकडून. तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. त्या त्याला ‘अवर केन’ म्हणायच्या. इथे घरातल्या माणसाच्या नावाआधी ‘अवर’ लावतात, आपण ‘आपला बाळू’ म्हणतो तसं. मला बरेच दिवस वाटत होतं की हा त्यांचा पुतण्या वगैरे असेल.

२०१४ च्या वसंतात त्या मला सेंट हेलेन्सच्या थिएटर रॉयलमध्ये त्याच्या प्रयोगाला घेऊन गेल्या. सातला पडदा वर जाणार होता. आजींनी सोबत सँडविचचा डबा, थर्मास आणि पायांवर घ्यायला शाल घेतली होती. दोन तासांच्या कार्यक्रमाला एवढं कशाला, असं मी विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. तो आला तो हातात ती झटकणी घेऊन. तिला तो गुदगुल्यांची काठी म्हणायचा. वय शहाऐंशी. आल्या आल्या म्हणाला, काय सुंदर दिवस आहे, पाद्रीबाबांच्या दारातल्या पत्राच्या फटीतून काकडी आत सारायची आणि ओरडायचं, परग्रहावरचे आले! सभागृह कोसळलं. तिथून पुढे दर मिनिटाला सहा-सात विनोद. एक पकडेपर्यंत दुसरा निघून जायचा. साडेतीन तासांत १,५०० विनोद सांगण्याचा विक्रम त्याच्या नावावर होता, आणि तो खोटा वाटू नये असा वेग त्या वयातही होता. स्वतःच घडवलेले शब्द मधूनमधून पेरायचा. टॅटिफिलेरियस. डिस्कमनॉकरेटेड. कोणत्याच कोशात अर्थ नाही, पण तोंडात घोळवले की हसू येतं. लिव्हरपूलच्या बोलीतल्या कित्येक जागा मला कळल्या नाहीत, तरी शेजारच्या तिघीजणी हसल्या की मीही हसत होते.

मध्यंतर झालं तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. तो म्हणाला, पळून जायचा विचार करू नका, मी तुमच्या घरापर्यंत येईन आणि पत्राच्या फटीतून विनोद ओरडेन. शेवटी त्याने बाहुला मांडीवर घेतला. शाळकरी वयात सहा पेन्सची तिकिटं पाठवून जे शिकला, तेच शहाऐंशीव्या वर्षी शेवटचं म्हणून करत होता. त्या दहा मिनिटांत आमच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले. बाहेर पडलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. शेवटची बस केव्हाच गेली होती, आणि रस्त्यावर टॅक्सीसाठी उभी असलेली शंभर-दीडशे माणसं एकमेकांना विनोद परत सांगत होती.

सगळंच आवडलं असं नाही. बायको, सासू, जाड बाई या विषयांवरचे त्याचे विनोद शिळे होते. तिथे मी हसले नाही, आजीही हसल्या नाहीत. पण तो ते ओळखायचा. एखादी जागा पडली की त्याच्या डोळ्यांत दिसायचं, आणि पुढच्या वाक्यात तो वाट बदलायचा.

हे ओळखणं त्याने वहीत उतरवून ठेवलं होतं. कोणत्या गावात, कोणत्या रात्री, कोणता विनोद चालला आणि कोणता पडला, याच्या नोंदी तो आयुष्यभर करत राहिला. त्याला तो देशाचा हशाचा नकाशा म्हणायचा. २०२३ साली लिव्हरपूलच्या संग्रहालयात त्याच्यावरचं प्रदर्शन भरलं. तिथे त्याच्या वह्या काचेखाली ठेवलेल्या मी पाहिल्या. हजाराहून जास्त वह्या त्याने मागे ठेवल्या. बारीक अक्षर, बाणांनी जोडलेले शब्द, कडेला खुणा. विनोदाचं तत्त्वज्ञानही तो वाचायचा. फ्रॉइडविषयी त्याचं म्हणणं प्रसिद्ध आहे की, शनिवारी रात्री ग्लासगो एम्पायरमध्ये दुसरा खेळ करायची वेळ त्या माणसावर आली नव्हती, हीच त्याची अडचण. ग्लासगोचं ते थिएटर म्हणजे इंग्लिश विनोदवीरांचं स्मशान मानलं जाई.

मामा, तुम्ही लिहिलंत, लोकांची टिंगल करून पोट भरत नाही. या माणसाने त्रेसष्ट वर्षं तेच केलं आणि एक-एक हशा वहीत मांडला. भाच्याकडेही अशी एक वही आहे, मागच्या दिवाळीत त्याने मला दाखवली. मूर्तिजापूरला काय चाललं, वाशीमला काय पडलं, ‘फ्लेक्सवाला बाप – अकोटला उचलला, शेगावात थंड’. तुमच्याच दुकानातली जुनी खतावणी घेतलीये त्याने, उरलेल्या पानांवर लिहितो.

आता दादाचं म्हणणं. त्याला तिकडे बोलाव, तिकडे काहीही चालतं.

पहिली गोष्ट, भाचा इथे येऊन बोलेल कुणाशी? केन डॉडचा सगळा व्यवहार नॉटी ॲशच्या मातीतला. तिथे जॅम लावलेल्या पावाच्या खाणी आहेत, फुटलेली बिस्किटं जोडायचा कारखाना आहे, आणि त्या खाणीत ‘डिडी मेन’ नावाची बुटकी माणसं काम करतात, असं एक गावच त्याने रचलं होतं. हे ऐकून हसायला तुम्हाला खरी नॉटी ॲश माहीत असावी लागते, किंवा तसं एखादं आपलं गाव मनात असावं लागतं. आमच्याकडे लहानपणी लक्ष्मण देशपांड्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ची कॅसेट होती. एकटा माणूस बावन्न पात्रं उभी करायचा, त्याचंही नाव गिनेसच्या नोंदीत गेलं. गोष्टीतलं वऱ्हाड लंडनला निघतं, पण सगळी गंमत मराठवाड्यातल्या घरात, पिशव्या भरण्यात आणि माणसं मोजण्यात. भारत गणेशपुरे टीव्हीवर वऱ्हाडीत बोलू लागले तेव्हा आमच्या आईने पहिल्यांदा आपली भाषा टीव्हीवर ऐकली आणि आवाज वाढवला. भाच्याचा प्रेक्षक अकोल्यात आहे. इथे त्याला दिवाळी मेळाव्यात पंधरा मिनिटं मिळतील आणि ‘जरा शुद्ध मराठीत बोल’ म्हणून सूचना मिळेल.

दुसरी गोष्ट, ‘काहीही चालतं’ हे खरं नाही. आणि जे चालतं ते काही आकाशातून पडलेलं नाही. १७३७ पासून १९६८ पर्यंत, म्हणजे २३१ वर्षं, या देशात नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन नावाच्या राजवाड्यातल्या अधिकाऱ्याकडे मंजुरीला जात असे. त्याने निळी पेन्सिल फिरवली की वाक्य गेलं. १९६८ च्या कायद्याने ते संपलं. बीबीसीने १९४९ साली विनोदी कार्यक्रमांच्या लेखकांसाठी एक पुस्तिका काढली होती. मधुचंद्राची जोडपी, हॉटेलातल्या मोलकरणी, बायकांचे आतले कपडे आणि सशांच्या सवयी यांवर विनोद करायचा नाही, असं त्यात लिहिलं होतं. ससेसुद्धा! याच लँकाशायरच्या फ्रँक रँडल या विनोदी नटाला १९५२ साली ब्लॅकपूलच्या कोर्टाने अश्लीलतेसाठी दंड केला. केन डॉड त्यानंतर दोनच वर्षांनी रंगमंचावर आला.

आजही इथे सगळं आलबेल नाही. ‘अपमानकारक’ शब्दांसाठी पोलिसांना कारवाई करता येईल अशी तरतूद सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्यात होती. ‘मिस्टर बीन’ साकारणाऱ्या रोवन ॲटकिन्सनसारख्यांनी मोहीम केली तेव्हा कुठे २०१४ मध्ये तो शब्द निघाला. २०१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका तरुणाला कुत्र्याच्या आचरट व्हिडिओसाठी ८०० पौंड दंड झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये विनोदी मालिकांचे लेखक ग्रॅहम लिनहन हीथ्रोवर उतरले आणि ट्वीटवरून त्यांना सशस्त्र पोलिसांनी धरलं. पुढे प्रकरण सोडून देण्यात आलं. ट्रान्स व्यक्तींविषयीची त्यांची मतं मला अजिबात पटत नाहीत. पण ट्वीटसाठी विमानतळावर बंदुकवाले पाच पोलिस, हे दृश्य मला अस्वस्थ करून गेलं. तेव्हा दादा, इथलं उदाहरण दे, पण हेही त्यात धर.

मग इथे वेगळं काय आहे? मला दोन गोष्टी दिसतात, आणि दोन्ही केन डॉडच्याच आयुष्यात आहेत.

एक त्याचा खटला. १९८९ मध्ये कर चुकवल्याच्या आरोपावरून त्याला लिव्हरपूलच्या क्राउन कोर्टात उभं केलं. सरकारी वकील ब्रायन लेव्हिसन, ज्यांच्या नावाने पुढे वृत्तपत्रांच्या वर्तनाची मोठी चौकशी झाली ते. डॉडच्या बाजूने जॉर्ज कारमन. घरातल्या माळ्यावर सुटकेसांमध्ये ३,३६,००० पौंड रोख ठेवलेले निघाले. न्यायाधीशांनी विचारलं, एका सुटकेसमध्ये एक लाख पौंड असले तर कसं वाटतं? तो म्हणाला, ‘‘नोटा फार हलक्या असतात, मिलॉर्ड.’’ कारमननी ज्यूरीला सांगितलं की काही हिशोबनीस विनोदवीर असतात, पण विनोदवीर कधी हिशोबनीस नसतात. एरिक साइक्स आणि रॉय हड हे त्याचे नामांकित सहकारी साक्षीला आले. काही आठवडे शहरात दुसरा विषय नव्हता. ज्यूरीने सगळ्या आरोपांतून त्याला निर्दोष सोडलं.

एखाद्या साध्या दुकानदाराच्या माळ्यावर एवढी रोकड सापडली असती, तर ज्यूरी इतकी मऊ झाली असती का? मला शंका आहे. पण मुद्दा दुसरा आहे. त्याच्यावर खटला चालला तो हिशोबाचा. कर सगळ्यांनी भरायचा, तसा त्यानेही. त्यासाठी त्याला गावासमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं, खाजगी आयुष्याच्या गोष्टी उघड्यावर आल्या. त्याच्या विनोदासाठी मात्र कोणी फिर्याद घेऊन आलं नाही. आणि सुटल्यावर तो रंगमंचावर येऊन त्याच खटल्यावर विनोद करू लागला. इथल्या कर खात्याचं नाव तेव्हा ‘इनलँड रेव्हेन्यू’ होतं, आणि ‘इनलँड’ म्हणजे समुद्रापासून दूर, आतला भाग. तो म्हणायचा, मी समुद्राजवळ राहतो, ‘इनलँड’वाल्यांचं मी काही देणं लागत नाही असं मला वाटलं! पुढे करदात्याने आपला कर आपणच मोजायची पद्धत आली, तेव्हा म्हणायचा, ही तर माझी कल्पना, त्यांनी ढापली. सरकारची टर त्याने सरकारने परवाना दिलेल्या थिएटरात उडवली आणि खात्यातले अधिकारीही तिकीट काढून आले असतील.

आता आपलं बघा. २३ मार्च २०२५ रोजी मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत तोडफोड झाली. कुणाल कामराने एकनाथ शिंद्यांवर केलेलं गाणं पक्षाच्या कार्यकर्त्यांना झोंबलं होतं. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे हातोडे त्याच जागेवर पोचले. गाणं बरं की वाईट यावर आमच्या ग्रुपवर तीन दिवस चर्चा चालली. खुर्च्या कुणाच्या मोडल्या, हे कोणी विचारलं नाही. कामराच्या मोडल्या नाहीत, हॉलवाल्याच्या मोडल्या. त्या गाण्याची एक ओळही हॉलवाल्याने लिहिली नव्हती. आणि त्याच्या आधी २०२१ मध्ये इंदूरला मुनव्वर फारुकी, तर न केलेल्या विनोदापायी महिनाभराहून जास्त तुरुंगात राहिला.

भाच्याचा हॉलवाला मला भित्रा वाटत नाही. त्याने खारचे व्हिडिओ पाहिलेत. काच फुटली तर ती त्याच्या खिशातून बसवायची आहे, हे त्याला ठाऊक आहे. विनोद करणाऱ्याला गप्प करायचं असेल तर त्याला हात लावायची गरजच नाही, त्याची उभी राहायची जागा काढून घेतली की झालं. हे ज्यांनी फोन केला त्यांना बरोबर कळलंय, आणि आपण मात्र ‘मर्यादा’ या शब्दावर भांडत बसलोय.

दुसरी गोष्ट मी रोज बघते. लाइम स्ट्रीट स्टेशनात केन डॉडचा पुतळा आहे, झटकणीसकट. २००९ साली बसवला, तो स्वतः अनावरणाला होता. पण पुतळा एकट्याचा नाही. समोर बेसी ब्रॅडक उभी आहे, याच शहरातून पंचवीस वर्षं निवडून आलेली मजूर पक्षाची खासदार. डॉड होता हुजूर पक्षाचा. १९७९ मध्ये त्याने मार्गारेट थॅचरचा उघड प्रचार केला. थॅचर हे नाव लिव्हरपूलमध्ये आजही कसं उच्चारतात, ते इथे येऊन ऐकावं. गोदी बंद पडली, कारखाने गेले, घरटी एक माणूस बेकार बसला. शेजारच्या आजींचे यजमान त्यांतलेच. मी आजींना विचारलं होतं, तुम्हाला राग नाही आला त्याचा? त्या म्हणाल्या, आला की, १९७९ ला मी त्याच्या प्रयोगाला गेले नाही. ‘‘मग?’’ ‘‘मग ८० ला गेले.’’

याच्याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. आपल्याकडे नट कोणत्या पक्षाच्या व्यासपीठावर दिसला यावरून त्याचं जुनं कामसुद्धा टाकून देतात. आजींनी एक वर्ष तिकीट काढलं नाही. तो त्यांचा अधिकार, आणि तिकीट न काढण्याइतकं नटाला झोंबणारं दुसरं काही नसतं. त्यासाठी काच फोडावी लागत नाही. मर्यादा असते, मामा. ती समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते. भाचा ती वहीत उतरवतोय.

सेन्सॉरशी लढायला आपण कमी पडलो असंही नाही. ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले, ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नाटकाची संहिता आधी सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे का पाठवायची, असं विचारत अमोल पालेकर २०१६ मध्ये उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. थिएटर म्हणजे काय हे ज्यांना कळतं अशी ही माणसं आहेत. ती अकोल्यातही आहेत.

डॉड गेला तो मार्चचा महिना मला दिवसांसकट आठवतो. २८ डिसेंबर २०१७ ला त्याने लिव्हरपूलमध्ये शेवटचा प्रयोग केला. मग छातीच्या विकाराने दवाखान्यात सहा आठवडे. घरी आणलं, ९ मार्चला चाळीस वर्षांच्या सोबतिणीशी, ॲन जोन्सशी, त्याने लग्न केलं आणि ११ ला गेला. सर ही पदवी आदल्याच वर्षी मिळाली होती. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना बघते तर शहरातले पुतळे झटकण्या घेऊन उभे. पियर हेडवरच्या चारही बीटल्सच्या हातात झटकण्या. रात्रीतून लोकांनी लावल्या होत्या. २८ मार्चला नॉटी ॲशहून घोड्यांच्या गाडीतून त्याला कॅथीड्रलला नेलं. मी आजींची चाकाची खुर्ची ढकलत रस्त्याच्या कडेला उभी होते. गाडी आली तशी लोकांनी झटकण्या उंच केल्या. आजींनी आपली माझ्या हातात दिली, कारण त्यांचा हात वर जात नव्हता. तीच ही दारामागची. आजी पुढच्या वर्षी गेल्या.

त्याने मागे पावणेतीन कोटी पौंडांहून जास्त मालमत्ता ठेवली. आता त्याच्या नावाचा न्यास त्यातून थिएटरांना मदत करतो. इथून जवळच्या प्रेस्कॉटमध्ये २०२२ साली शेक्सपिअर नॉर्थ प्लेहाउस उघडलं. तिथलं उघड्यावरचं नाट्यांगण त्याच्या नावाचं आहे. उन्हाळ्यात तिथे शाळेतली मुलं पायऱ्यांवर बसून कुणाचे तरी पहिलेवहिले विनोद ऐकत असतात. फुकट.

मला पावणेतीन कोटी द्यायचे नाहीत. मागच्या रविवारी बहिणीशी बोलले. त्यांच्या घरामागे सार्वजनिक वाचनालय आहे, वरच्या मजल्यावर साठ खुर्च्यांची खोली. वाचनालयाचे सचिव निवृत्त मास्तर आहेत. बहिणीने त्यांना सगळं खरं सांगितलं, फोनचंही. त्यांनी भाच्याला बोलावून फ्लेक्सवाल्या बापाचा तुकडा म्हणून दाखवायला सांगितला, ऐकला, आणि म्हणाले, ‘‘होऊ दे. काचा फुटल्या त बसवू.’’ भाडं मी भरलंय, काचांचे पैसे लागले तर तेही मीच देणार, तसं त्यांना कळवलंय.

प्रयोग पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सातला. दादा, तू अमरावतीहून येऊ शकतोस, दीड-दोन तासांचा रस्ता आहे. आणि मामा, पहिल्या रांगेतली डावीकडून तिसरी खुर्ची तुमच्या नावाची ठेवायला सांगितली आहे. नाही आवडलं तर मध्यंतरात उठून जा. पण जाण्याआधी आत जाऊन त्याला सांगा, कुठे नाही आवडलं ते. तो लिहून घेईल.